मुका मार

मी धुळ्याच्या एका दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हटलं की हल्लीची मुलं विचारतात, नाटकात का? तर नाही. जखम धुणं, तिच्यावर औषध लावणं, पट्टी बांधणं आणि दुसऱ्या दिवशी ती सोडून पुन्हा तेच करणं, हे ड्रेसरचं काम. डॉक्टर जखम एकदा बघतात, ड्रेसर रोज बघतो. त्यामुळे जखमेशी आमची ओळख जास्त, आणि मान मात्र कमी. याबद्दल माझी तक्रार नाही. पट्टी कशी सैल न होता बसावी आणि घट्ट न होता टिकावी, हे मला जितकं जमत होतं तितकं आमच्या दवाखान्यात कोणालाच जमत नव्हतं, डॉक्टरसाहेबांनासुद्धा. ते स्वतः तसं म्हणत.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. गावोगाव हुतुतूचे, खोखोचे सामने भरू लागले होते, आणि यात्रांतल्या कुस्त्या तर आधीपासून होत्याच. नगरपालिकेला वाटलं, अशा ठिकाणी दवाखान्याचा माणूस पेटी घेऊन बसलेला असावा. डॉक्टरसाहेबांना वेळ नसे, म्हणून मी जायचो. लाकडी पेटी, तीत लिंट म्हणजे जखमेवर ठेवायचं मऊ कापड, कापूस, चिकटपट्टी, आयोडीन, बोरिक पावडर आणि पिवळ्या औषधाची बाटली. लोक सामना बघत, मी गुडघे बघत असे.

डॉक्टरसाहेब मूळचे रावेरकडचे. घरी केळीचे मळे. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात एक शिस्त लावली. जखम बघण्याआधी विचारायचं, जोर कुठून आला? घासून आला, दाबून आला, ओढून आला, की आदळून आला? "कातडी एकच आहे," ते म्हणत, "पण प्रत्येक जोराला ती वेगळं उत्तर देते. जोर कळला की पट्टी कशी बांधायची ते आपोआप कळतं."

घासण्याचा जोर मला यादव मास्तरांनी शिकवला. हे प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि हुतुतूत चढाईला जायचे. पकड झाली की मध्यरेषेकडे अंग झोकून द्यायचे, ते दर वेळी उजव्या गुडघ्यावर. मैदान मुरमाचं. गुडघा जमिनीवरून हातभर घसरला की वरचं साल निघून जायचं आणि खाली लालभडक, बारीक बारीक ठिपक्यांनी रक्त पाझरणारी जागा उघडी पडायची. अशी जखम खोल नसते, पण दुखते फार, कारण वेदना समजणारी सगळी टोकं तिथंच वर असतात. त्यातून मुरमाचे कण आत रुतून बसतात. ते साबणाच्या पाण्यानं, ब्रशनं घासून काढावे लागतात. मास्तरांना ते नको असे. "राहू द्या हो, आपोआप निघतील," म्हणायचे. दोन वेळा मी राहू दिले. जखम भरली, कण आतच राहिले, आणि मास्तरांच्या गुडघ्यावर कायमचे निळसर डाग पडले, गोंदल्यासारखे. त्यांच्या बायकोनं मला बाजारात गाठून विचारलं, "भाऊ, हे कोणतं गोंदण काढलं तुम्ही?" त्यानंतर मी कोणाचंही ऐकलं नाही. ब्रश घेतला की घासलंच.

दाबाचा जोर मात्र एका परदेशी माणसानं दाखवला. परदेशी म्हणजे इंदूरकडचा. बाबूलाल त्याचं नाव. गावोगाव मैदानात खाली न उतरता पाच-पाच दिवस सायकल चालवणं हा त्याचा धंदा. आग्रा रोडनं तो धुळ्याला आला, मैदानात दोऱ्या बांधल्या, गळ्यात हार घातला आणि फिरायला लागला. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळसुद्धा सायकलवर. लोक घागरीनं पाणी ओतायचे आणि तो हसत पुढं जायचा. परवानगी देताना नगरपालिकेनं अट घातली होती, म्हणून रोज सकाळी आणि दुपारी मी पेटी घेऊन हजर.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, हा माणूस बसत नाही, पायडलांवर उभाच जास्त राहतो. मी दोरीच्या आत शिरून त्याच्याबरोबर चालत विचारलं, "काय होतंय?"

"कुछ नहीं, भाई. सीट गरम है."

मी डॉक्टरसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्या अंगठ्याचं नख दाबलं. ते पांढरं पडलं. सोडलं, लाल झालं. "दाब असेपर्यंत रक्त येत नाही," ते म्हणाले. "घटकाभर चालतं. तीन दिवस चालत नाही. आणि सीटवर नुसता दाब नसतो, दर पायडलाला कातडी एकीकडे ओढली जाते आणि हाड दुसरीकडे. वरून दिसेल त्यापेक्षा आत जास्त मेलेलं असेल. त्याला उतरव."

बाबूलाल उतरायला तयार नव्हता. पाचाच्या आत उतरला तर पुढच्या गावात कोण विचारणार? मग मी सायकलवाल्याकडून एक जुनी ट्यूब आणली, अर्धवट हवा भरली आणि तो पायडलांवर उभा असताना, त्याच्यामागं पळत पळत, ती सीटवर गोल बांधली. मैदान भरलेलं होतं. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टाळ्या पडल्या. माझ्या नोकरीत मला पडलेल्या टाळ्या तेवढ्याच.

त्यानं पाच दिवस पुरे केले. उतरला तेव्हा बसायच्या जागी रुपयाएवढा काळा डाग होता. डॉक्टरसाहेबांनी तो कापून काढला, तर खाली माझी मूठ बसेल एवढा खड्डा. महिनाभर बाबूलाल पालथा पडून होता. रोज त्या खड्ड्यात लिंट भरायचं काम माझं. तो एकदाही ओरडला नाही. फक्त रोज विचारायचा, सायकलला कोणी हात तर लावत नाही ना? बरा झाल्यावर तो मालेगावच्या रस्त्याला लागला. सायकल हातानं ढकलत गेला. मी वळणापर्यंत बघत होतो, बसला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सुपडूबद्दल. वरची दोन माणसं मी थोडी लांबवली, कारण सुपडूकडे यायला मला नेहमीच वेळ लागतो.

सुपडू सोनगीरचा. बावीस-तेवीस वर्षांचा, उंचीनं बेताचा, मांड्या मात्र खांबासारख्या. धुळ्याला आबांच्या तालमीत राहायचा. आबा म्हणजे आमच्या भागातले जुने वस्ताद. त्यांचे दोन्ही कान आक्रसून गोळा झालेले. कान सारखा दाबला, मुडपला, घासला गेला की आतल्या कूर्चेपासून कातडी सुटते, मध्ये रक्त साचतं आणि तिथंच घट्ट होतं. डॉक्टरांच्या लेखी ती इजा. पैलवानांच्या लेखी ती पदवी. मीही लहानपणी दोन वर्षं आबांच्या तालमीत होतो. दोन वर्षांनी ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "तू पट्ट्या बांधाले बरा शे." म्हणजे पट्ट्या बांधायलाच बरा आहेस. त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं, आणि पुढं तसंच झालं.

सुपडूचा डाव म्हणजे पट. समोरच्याला कळायच्या आत खाली बसायचं आणि त्याचा पाय ओढून घ्यायचा. दोन्ही गुडघे पूर्ण वाकले तरच तो डाव होतो. दोंडाईच्याच्या एका कुस्तीत तो असाच खाली जात असताना समोरच्याचा गुडघा त्याच्या डाव्या मांडीवर पुढून बसला. कुस्ती सुपडूनं मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत दवाखान्यात आला, बरोबर आबा.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"काही नही, भाऊ. मुका मार शे."

मांडीवर ओरखडासुद्धा नव्हता. सूज होती आणि हात लावला की आत तटतटल्यासारखं लागत होतं. डॉक्टरसाहेबांनी त्याला पालथा झोपवून गुडघा वाकवून पाहिला. अर्ध्यावर येऊन थांबला. मग त्यांनी टेबलावरचं एक केळं उचललं. आबांच्या समोर ते अंगठ्यानं हलकेच दाबलं. सालीला काही झालं नाही. मग सोलून दाखवलं. आत दाबलेल्या जागी लगदा झालेला.

"आबा, वरचं साल लवचीक असतं, ते जोर पुढं देऊन मोकळं होतं," डॉक्टरसाहेब म्हणाले. "खाली हाड असतं, ते हलत नाही. मधल्या मांसाचा चेंदा होतो. याच्या मांडीत धागे तुटलेत आणि रक्त साचलंय. गार पाण्याची पट्टी, पाय उशीवर, आणि तीन आठवडे कुस्ती नाही. चोळायचं तर अजिबात नाही. चोळलं तर उरलेले धागे तुटतील, आणि कधी कधी शरीर त्या रक्ताच्या जागी हाड धरतं."

"मांसमा हाड?" आबांनी विचारलं.

"हो. मी पाहिलंय."

सुपडू म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जयगावनी कुस्ती वीस रोजवर शे." जयगाव म्हणजे जळगाव. आमच्याकडे तसंच म्हणतात. ती कुस्ती मोठी होती. समोरचा पैलवान नावाजलेला होता आणि धुळ्याच्या माणसाला तिथं पहिल्यांदाच शेवटच्या जोडीत उभं राहायला मिळणार होतं.

"मग ती सोडून दे," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

पहिले चार-पाच दिवस गार पट्ट्या झाल्या. मी रोज तालमीत जाऊन बांधून यायचो. सूज उतरत होती, पण गुडघा फारसा पुढं वाकत नव्हता. आठव्या दिवशी दुपारी आबा एकटेच दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेब जेवायला गेले होते.

"माले ती बाटली दे," आबा म्हणाले. "म्हातारासले कंबरसाठे देतस ती."

ते टर्पेंटाइनचं मालिशचं औषध होतं. कडक. लावून चोळलं की कातडी लाल होते, आत ऊब येते.

"आबा, डॉक्टरसाहेबनी मालिश नही सांगेल शे," मी म्हणालो.

"तीस वरीस मी मालिश करी राहिनू. डॉक्टर काल उना." मग म्हणाले, "पोऱ्याना पाय मोकळा व्हई राहिना नही. बारा रोज राह्यनात. तू सांग, काय करू?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. केळं माझ्यासमोरच सोललं होतं. पण सुपडूनं जळगावला उभं राहावं, असं मलाही वाटत होतं. ज्या तालमीनं मला पट्ट्या बांधायला पाठवलं, त्या तालमीचा माणूस जिंकावा आणि त्यात माझ्या बाटलीचाही थोडा हात असावा, असंही वाटत असेल. मी कपाट उघडलं, बाटली भरली आणि दिली. त्या दिवसापासून मी पट्टी बांधायला जाणं थांबवलं. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "सुपडू कसा आहे?" मी म्हणालो, "बरा आहे."

जळगावला मी पेटी घेऊन गेलो होतो. दुपारी चारच्या सुमारास जोडी लागली. सुपडू आखाड्यात उतरला तेव्हा लोकांना काही कळलं नाही. मला मात्र तो माती कपाळाला लावायला वाकला तेव्हाच कळलं. उजवा गुडघा टेकला, डावा पाय बाजूला तसाच सरळ राहिला. सलामी झाली. दोन-तीन वेळा हाताला हात भिडले. मग सुपडू पटाला गेला. नेहमीसारखाच गेला, अंगाला सवय होती म्हणून गेला. डावा गुडघा मध्येच अडला. तो अर्धा खाली आणि अर्धा वर असा राहिला, दार पुरतं लागू नये तसा. समोरच्यानं त्याला तिथंच धरलं आणि चीत केलं. मिनिटभराची कुस्ती. इतक्या मोठ्या जोडीचं काय झालं ते कोणालाच समजेना. जिंकलेल्या पैलवानानंच सुपडूला हात देऊन उठवलं.

परतल्यावर काही दिवसांनी डॉक्टरसाहेबांनी त्याचा एक्स-रे काढवला. फोटो खिडकीसमोर धरला. मांडीचं हाड स्वच्छ दिसत होतं आणि त्याच्या पुढं, मांसात, ढगासारखा एक पांढरा पट्टा होता. सुपडू, आबा आणि मी, तिघेही तिथंच उभे.

"हे नवं हाड," डॉक्टरसाहेब म्हणाले. "चोळलं होतं का?"

सुपडूनं आबांकडे पाहिलं.

"चोळलं," आबा म्हणाले. डॉक्टरांशी ते शहरी बोलायचा प्रयत्न करत. "मी चोळलं."

"कशानं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तेलानं," ते म्हणाले. "घरच्या तेलानं."

फोटोचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. डॉक्टरसाहेब आबांना बरंच बोलले. त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाला इतकं कोणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आबा ऐकून घेत होते. मी तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे खरं. पण त्या क्षणी मी नोकरीचा विचार करत होतो असंही मला आठवत नाही. मी काहीच केलं नाही, एवढंच आठवतं. पुढच्या पावसाळ्याआधी डॉक्टरसाहेबांची बदली झाली. त्यांना मी कधीच सांगितलं नाही.

डॉक्टरसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे सुपडूनं वर्षभर पाय सांभाळला, पण गुडघा काटकोनाच्या थोडा पुढं जाऊन थांबला तो थांबलाच. सुपडूनं तालीम सोडली. आबांनीही त्यानंतर कोणाच्या अंगाला मालिशसाठी हात लावला नाही, असं मी ऐकलं. ऐकलं म्हणतो, कारण मी तालमीच्या रस्त्यानं जाणं सोडलं होतं. पांझरा नदीच्या काठानं लांबचा फेरा घेऊन दवाखान्यात जायचो.

पाच-सहा वर्षांनी देवी टोचायच्या कामावर मी साक्रीला गेलो. आठवड्याचा बाजार होता. बैलांचे दोर, मोरक्या, घुंगरू विकणाऱ्या एका दुकानासमोर मी थांबलो. दुकानदार उंच खोक्यावर बसला होता, डावा पाय पुढं लांबवून. सुपडूच होता. सासुरवाडीच्या गावी राहायला आला होता. अंगानं भरला होता. मला बघून हसला, दुसरं खोकं पुढं सरकवलं आणि चहा मागवला.

इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "सुपडू, तुले एक सांगनं शे. ती मालिशनी बाटली मी दिधी व्हती."

तो दोराचं वेटोळं करत होता. हात थांबले नाहीत.

"माले माहीत शे, भाऊ. बाटलीवर दवाखानानी चिठ्ठी व्हती. तुमना अक्षरमा."

"मंग तू डॉक्टरले सांगं का नही?"

"आबानी तेल सांगं. मी काय सांगू?" त्यानं वेटोळं खाली ठेवलं. "आबाले भेटतस का तुम्ही?"

"नही."

"एकदाबी नही?"

"नही."

त्यानं चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग जा," म्हणाला. "आबा जिता शे."

दुसऱ्या दिवशी काम संपवून मी दुपारच्या मोटारीनं धुळ्याला आलो आणि घरी न जाता तालमीत गेलो. आबा ओट्यावर बसले होते. त्यांना दिसायला फारच कमी झालं होतं. मी हाक मारली तशी आवाजावरून ओळखलं, बस म्हणाले. इतकी वर्षं कुठं होतास, असं काही विचारलं नाही.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना तेल म्हणालात."

"हं."

"ते माझ्यासाठी खोटं बोललात."

"खोटं काय बोलनू? बाटली नही राहती तं तेलच राहतं," ते म्हणाले. "हात तं मनाच व्हता."

आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. आत कोणी तरी जोर मारत होतं, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी सांगितलं की सुपडू साक्रीला भेटला, दुकान बरं चालतं, दोन मुलं आहेत. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "त्याना पाय कितला वाकस आते?"

शब्दांत सांगता येईना, म्हणून मी माझा हात पुढं केला आणि कोपरात वाकवून दाखवला. आबांना तो दिसत नव्हता. त्यांनी चाचपून माझं मनगट धरलं, दुसरा हात कोपराखाली घेतला आणि तो कोन हातांनीच पाहिला. मग अगदी हलकेच, तालमीत करायचे तसंच, त्यांनी माझा हात आणखी थोडा वाकवला.

"इतला नही?"

"नही, आबा."

त्यांनी हात पुन्हा होता तिथं आणून ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून बसले.